टमरेल घेऊन पळणारी बाई

धाडच्या मुलींच्या शाळेत मी सात वर्षं होते. त्यातली पहिली चार वर्षं मी शिकवलं असं म्हणणं त्या मुलींवर अन्याय होईल. मी बदलीची वाट पाहत होते आणि वाट पाहता पाहता अधूनमधून पाढे घेत होते.

जिल्हा परिषदा नव्यानं झाल्या त्या वर्षी, बासष्टच्या जूनमध्ये, मला बुलढाण्याहून धाडला पाठवलं. धाड म्हणजे काही काळं पाणी नव्हे. सकाळच्या एस.टी.नं निघालं की शाळेच्या वेळेला पोचता येई. मोठं गाव, आठवड्याचा बाजार, माणसं कामाशी काम ठेवणारी. पण मी बुलढाण्याची, घाटावरच्या थंड हवेतली, आणि त्यात वर्षभर पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात राहून आलेली. त्या एका वर्षाच्या जिवावर उरलेला जन्म मी पुण्याची असल्यासारखी बोलत असे. धाडच्या बायका 'मले', 'तुले', 'काऊन' म्हणायच्या आणि मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं तांबड्या शाईनं दुरुस्त करायची. माझी स्वतःची आई जन्मभर 'मले'च म्हणत गेली, हे मी धाडमध्ये कोणाला कळू दिलं नव्हतं.

माझं नाव स्नेहलता पारखी. धाडला गेले तेव्हा बत्तीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं. किसनराव नावाच्या शेतकऱ्याच्या घरात वेगळ्या दाराची एक खोली भाड्यानं घेतली होती. किसनराव मितभाषी. त्यांच्या वाट्याचं बोलणं त्यांची बायको गोजरबाई करायच्या. गोजरबाई मला भाजी द्यायच्या, पाणी भरून ठेवायच्या, आणि मी त्यांना 'धन्यवाद' म्हणायची. त्यावर त्या माझ्याकडे अशा पाहायच्या, जणू मी त्यांना काही परत केलं आणि ते नेमकं काय हे त्यांना समजत नाही.

माझ्यापाशी तक्रारींची एक यादी होती. कागदावर नव्हे, तोंडपाठ. पहिला नंबर माझा भाऊ रमाकांत, बुलढाण्याच्या कोर्टात कारकून. त्याच्यामुळे माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. दुसरा, मला धाडला पाठवणारे साहेब, ज्यांचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं. तिसऱ्या आमच्या मुख्याध्यापिका पुष्पाबाई, ज्यांनी मला मुद्दाम रस्त्याकडेचा वर्ग दिला. चौथा नंबर अख्ख्या धाड गावाचा. स्टोव्हला पंप मारताना मी ही यादी म्हणायला सुरुवात करायची, ती शाळेच्या दारापर्यंत पुरायची. एखादे दिवशी शाळेच्या दारापर्यंत यादी संपली नाही, तर उरलेली वर्गात मुलींवर निघायची.

सहासष्ट साली दिवाळीच्या आधी एक परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेतून एका शिक्षिकेनं कवायत आणि खेळांच्या शिबिराला बुलढाण्याला जावं, पंधरा दिवस. पुष्पाबाईंनी आम्हा तिघींना बोलावलं. एकीला सातवा महिना होता, दुसरीचे सांधे धरलेले. पुष्पाबाई माझ्याकडे वळायच्या आत मी म्हटलं, "मी जाते." कवायतीशी मला काही घेणं नव्हतं. पंधरा दिवस बुलढाणा, एवढंच मला ऐकू आलं होतं. खुर्चीवर बसून टिपणं घ्यायची, संध्याकाळी घरी जाऊन रमाकांतवर रुसून बसायचं, असा माझा कार्यक्रम होता.

खुर्च्या नव्हत्या. मैदान होतं, आणि मैदानात शेषराव नावाचे एक निवृत्त हवालदार उभे होते. देऊळगावकडचे, फौजेत वीस वर्षं काढलेले. त्यांनी आम्हा चाळीस बायकांकडे पाहिलं, चपला काढायला लावल्या, पदर खोचायला लावले आणि म्हणाले, "मैदानाले एक फेरी. सावकाश."

माझ्या शेजारी उंद्रीच्या विमलबाई होत्या. माझ्याच वयाच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या, हसऱ्या. मला वाटलं, ही काही पहिल्या कोपऱ्यापुढे जात नाही. म्हणून धीर देण्यासाठी मी तिच्याबरोबरच पळायला लागले आणि पळता पळता तिला पुष्पाबाईंबद्दल सांगायला लागले. रस्त्याकडेचा वर्ग, एस.टी.चे भोंगे, बैलगाड्यांची धूळ. पहिला कोपरा आला तेव्हा मी साहेबांपर्यंत पोचले होते. दुसऱ्या कोपऱ्याच्या अलीकडे माझ्या बरगडीखाली कोणीतरी विळा अडकवून ओढतंय असं वाटलं, निऱ्यांत पाय अडकला आणि मी मैदानात फतकल मारून बसले. विमलबाई पुढे गेल्या. सगळी फेरी पुरी करून पुन्हा माझ्यापाशी आल्या, तरी मी तिथंच.

"उठा बाई," त्या म्हणाल्या. "माही फेरी झाली. तुमचं गाऱ्हाणं मात्र अर्धंच राह्यलं."

शेषरावही आले. मी त्यांना सांगितलं, माझा दम जन्मापासूनच कमी आहे, आमच्या घराण्यातच आहे तसं. त्यांनी ऐकून घेतलं.

"दम कमी नाई," ते म्हणाले. "दमाले दोन रस्ते पाडले तुमी. पळाले एक आन् बोलाले एक. एक बंद करा."

मला राग आला. यादीत पाचवा नंबर शेषरावांना देऊन मी उठले.

पंधरा दिवसांत मी कशीबशी एक फेरी पुरी करायला लागले, तीही शेवटचा तुकडा चालत. प्रमाणपत्र सगळ्यांनाच मिळालं. ते घेऊन मी धाडला परतले आणि पहिल्याच दिवशी सहावी-सातवीच्या मुलींना शाळेमागच्या पटांगणात उभं केलं. शेषरावांच्या आवाजात हुकूम दिला, "चिंचेच्या झाडापर्यंत जाऊन परत. सावकाश."

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आदी तुमी पळून दाखवा ना. मंग आमाले समजल."

मुलीचं काही चुकलं नव्हतं. बेरीजसुद्धा मी आधी फळ्यावर करून दाखवायचीच. मी म्हटलं, माझा पाय मुरगळला आहे. मग उरलेला दिवस मला लंगडत काढावा लागला, आणि मधल्या सुट्टीनंतर मी दुसऱ्याच पायानं लंगडते आहे हे त्याच मुलीनं मला हळूच सांगितलं.

तेव्हा मी ठरवलं की निदान चिंचेच्या झाडापर्यंत तरी पळता आलं पाहिजे. पण सराव करायचा कुठे? छत्तीस वर्षांची मास्तरीण भररस्त्यावर पळताना दिसली तर गावात दोनच अर्थ निघणार: एक तर घरात साप निघाला, नाही तर बाईचं डोकं फिरलं. विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली. पहाटे उजाडायच्या आत एकटी बाई गावाबाहेर निघाली तर तिला कोणीही काहीही विचारत नाही, फक्त तिच्या हातात पाण्याचं टमरेल असायला हवं. त्या वेळी घरोघरी संडास नव्हते. बायका गावाबाहेर गोदरीला जायच्या, अंधारात, दोघी-तिघी मिळून. मी एकटीच जात असे, कारण पुण्याला वर्षभर राहिलेल्या बाईनं अशा कामाला घोळक्यानं कसं जायचं. तो शिष्टपणा आता कामाला आला.

दुसऱ्या दिवसापासून मी टमरेल घेऊन निघाले. बायकांची जागा मागे टाकून किसनरावांच्या शेताकडे जाणाऱ्या गाडरस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, रस्त्यात चाकोऱ्या. आजूबाजूला पाहिलं, पदर खोचला आणि पळायला लागले. टमरेल खाली ठेवता येईना. कोणी भेटलंच तर हातात पुरावा हवा. पाण्यासकट पळाले तर डावीकडून साडी गुडघ्यापर्यंत भिजली. पाणी सांडून पळाले तर कडी खडखडायला लागली आणि दोन कुत्री मागे लागली. ती दोन कुत्री माझे खरे गुरू म्हणायला हरकत नाही. त्या दिवशी मी शेषरावांच्या मैदानापेक्षा जास्त पळाले. मग कडीला चिंधी गुंडाळली.

पहिल्या आठवड्यात पहिल्या लिंबाच्या झाडाशी दम संपायचा. लिंब म्हणजे आमच्याकडे कडुलिंब. सवयीनं मी पळताना यादी म्हणायला घ्यायची. रमाकांत निम्मासुद्धा होत नसे आणि पोटात विळा. शेषरावांचं बोलणं आठवायचं आणि आणखीच चिडचिड व्हायची. बोलणं तर मी कधीच बंद केलं होतं, मनातल्या मनातच तर भांडत होते. पण मनातल्या मनात भांडायलासुद्धा दम लागतो, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. एक दिवस थंडी फार होती. गारठ्यानं डोक्यात काही आलंच नाही, आणि मी पाहते तो पहिला लिंब मागे गेला होता. दुसरा लिंबही गेला. विहिरीपाशी थांबले. कानात रक्त ठोके देत होतं, ज्वारीवर दव होतं, पूर्वेकडे फटफटत होतं. माझ्याविरुद्ध कोणी काही करत नव्हतं. असं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ते इतकं अनोळखी होतं की मी घाबरून लगबगीनं घरी आले.

दीडएक महिना असा गेला. मग एक दिवस मी परत येत होते तेव्हा गोजरबाई ओट्यावर बसून होत्या.

"बाई, पोट बरं नाई का?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे की."

"रोज अर्धा-पाऊण घंटा लागून राह्यला तुमाले. येता तवा घामाघूम. लुगडं वलं. आमी का पाहत नाई का?"

आता इथं मला निवड करायची होती. मी पळते, हे सांगायचं. का मला हगवण लागली आहे, हे कबूल करायचं. कोणतंही शहाणं माणूस पहिलं सांगेल. पण मी विचार केला की हगवण राजालाही लागते, त्यात अब्रू जात नाही. पळणं मात्र मास्तरणीला शोभत नाही. मी खाली मान घातली आणि म्हटलं, "थोडं बिघडलंय."

दुपारपर्यंत डाळिंबाच्या सालीचा काढा आला. संध्याकाळी शेजारच्या शालूबाईंनी बेलाचा गर आणून दिला आणि पोट पिळतं का, रक्त पडतं का, असं सगळं दारात उभं राहून विचारलं. दुसऱ्या दिवशी सुंठ आली, मग जायफळ उगाळून आलं. प्रत्येक गोष्ट समोर उभं राहून प्यायला लावत. आठ दिवसांत माझी अशी गत झाली की आता मला गावाबाहेर खरोखरच अर्धा-पाऊण तास लागायला लागला, आणि तरी काही उपयोग होईना. पुष्पाबाईंनी बोलावून आजारपणाची रजा घ्यायला सांगितलं. कळस म्हणजे, एका शनिवारी मी बुलढाण्याच्या एस.टी.त चढले तर कंडक्टरनं दाराजवळच्या सीटवरच्या माणसाला उठवलं. "बाईले इथं बसू द्या," तो हळूच म्हणाला. "कवाही थांबाले सांगा बाई, लाजू नका."

जगात माझं वाईट चिंतणारी माणसं किती, हे मी चार वर्षं मोजत आले होते. माझ्या पोटासाठी अख्खा गाव झटत होता, हे मात्र यादीत कुठे घालावं समजेना. मी ते काढे प्यायले. एकही टाकून दिला नाही. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं पुण्यकर्म.

फेब्रुवारीत ज्वारीची खळी सुरू झाली होती. त्या दिवशी किसनराव नेहमीपेक्षा लवकर गाडी जुंपून शेताकडे निघाले होते. मी विहिरीला वळसा घालून परत फिरले होते, चांगली लयीत होते. वळणावर समोर एकदम बैलांची शिंगं दिसली. थांबता थांबता मी गाडीपासून चार हातांवर आले. हातात टमरेल, पदर खोचलेला, केस सुटलेले. किसनरावांनी मला पाहिलं, माझ्या मागच्या अंधारात पाहिलं, आणि गाडीवरून उडी मारून तुतारी, म्हणजे बैलांना टोचायची खिळ्याची काठी, हातात घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"कोन हाये मांगं?" ते म्हणाले.

"कोणी नाही."

"भिऊ नका. सांगा. लांडगं हाये का मानूस?"

"खरंच कोणी नाही हो."

त्यांनी तुतारी खाली केली. मग म्हणाले, "मंग काऊन पळता?"

या प्रश्नाचं उत्तर मला तयार करता आलं असतं. परिपत्रकाचा हवाला देता आला असता, शारीरिक शिक्षणाचं महत्त्व सांगता आलं असतं. पण दम लागलेला होता. लांब वाक्य निघेना. जे निघालं ते इतकंच: "मले बरं वाटते."

किसनरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. त्यांनी बैल रस्त्याच्या कडेला घेतले आणि मला वाट करून दिली. "मंग पळा," म्हणाले.

घरी येऊन चहा ठेवताना माझ्या लक्षात आलं की मी 'मले' म्हणाले होते. चौदा वर्षं पुसून काढलेला शब्द, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा तोच आधी तोंडात आला.

किसनरावांनी घरी सांगितलंच. गोजरबाई माझ्यावर चांगल्याच रागावल्या. पळण्याबद्दल नव्हे.

"माह्या वर्षभराच्या डाळिंबाच्या साली गेल्या ना," त्या म्हणाल्या. "सांगतलं असतं तर तोंड दुखलं असतं का तुमचं?"

"लाज वाटली."

"अन् हगवणीची नाई वाटली?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. हसून हसून त्या ओट्यावर बसल्या, शालूबाईंना हाक मारली, त्याही आल्या आणि त्याही हसल्या. मी दारात उभी होते. थोड्या वेळानं मीही हसले, पण त्या दोघी इतक्या पुढे गेल्या होत्या की मला त्यांना गाठता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गोजरबाईंनी त्यांचं एक जुनं नऊवारी लुगडं आणून दिलं. "पाचवारीत पळता व्हय? पडसान कोठी," म्हणून काष्टा घट्ट कसा मारायचा ते शिकवलं. गाव चार दिवस बोललं. पाचव्या दिवशी कोणाची तरी म्हैस हरवली आणि गाव म्हशीबद्दल बोलायला लागलं. ज्याला घाबरून मी सुंठ प्यायले, ते एवढंच होतं.

लपायचं कारण गेल्यावर मी उजाडल्यावर जायला लागले आणि लांब जायला लागले. पहिल्या मैलात डोकं रिकामं व्हायचं. पण पुढे एक नवीनच त्रास सुरू झाला. रिकाम्या झालेल्या जागेत जुन्या गोष्टी यायच्या, मी इतकी वर्षं सांगत आले तशा नव्हे, तर झाल्या होत्या तशा. एक दिवस माझं लग्न आलं.

बावन्न सालची गोष्ट. मी पुण्याहून नुकतीच परत आले होते. खामगावचे भालचंद्र म्हणून एक शिक्षक मला पाहायला आले. रमाकांतनं पुष्कळ खटपट करून आणलेलं स्थळ. चहा पुढे केला तेव्हा भालचंद्र म्हणाले, "मले चाय चालत नाई. थोडं पानी द्या." मी आत पाणी आणायला गेले आणि आत जाऊन हसले. चांगली मोठ्यानं हसले. त्यांची नक्कलही केली, वहिनीला दाखवायला. आमच्या घराच्या भिंती काही किल्ल्याच्या नव्हत्या. बाहेर एकदम शांत झालं. भालचंद्रांनी पाणी घेतलं, गडू खाली ठेवला, नमस्कार करून गेले. मग नकार आला. आणि मी सगळ्यांना सांगत राहिले, आधी इतरांना आणि मग स्वतःलाही, की रमाकांतनं नेट लावला नाही म्हणून मोडलं.

गाडरस्त्यावर ते हसू मला ऐकू आलं. पाय आपोआप थांबले. मी बांधावर बसले. मला त्या माणसाशी लग्न झालं असतं तर बरं झालं असतं, असं काही वाटलं नाही. एवढंच वाटलं की तो माणूस तहानलेला होता, घाटानं दोन गाड्या बदलून आलेला. पाणी मागितलं त्यानं. बांधावर मी किती वेळ होते ठाऊक नाही. त्या दिवशी शाळेला उशीर झाला.

रविवारी मी रमाकांतला चार पानी पत्र लिहिलं. चौदा वर्षं तुझ्यावर राग धरला, तो खोटा होता, चूक माझी होती, मला क्षमा कर, असं सगळं. पत्र टाकल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग त्याचं कार्ड आलं. ते मी अजून ठेवलं आहे.

'पत्र पोचले. तू चौदा वर्षे रागावलेली होतीस हे आम्हांस ठाऊक नव्हते. तुझा स्वभावच तसा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. प्रकृतीस जपावे. प्रतिमा म्हणते, येताना बाजारातून वाळल्या मिरच्या आणाव्यात.'

मी कार्ड तीन वेळा वाचलं. चौदा वर्षं मी पेटवून ठेवलेल्या आगीची त्या घरात कोणाला ऊबसुद्धा लागली नव्हती. प्रतिमा, माझी वहिनी, मला दर दिवाळीला ओवाळत आली आणि मी दर दिवाळीला तोंड फुगवून पाटावर बसत आले. त्यांना वाटायचं, हिचे गालच तसे. शनिवारी मी मिरच्या घेऊन गेले. रमाकांतनं पत्राचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. जेवताना त्यानं मला दुसऱ्यांदा भात वाढला आणि म्हणाला, "बारीक झालीस." आम्ही दोघं चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आहोत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तो तर पुरता पिकला होता.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी सुधारले. मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्याचा मला फार गर्व झाला होता. सदुसष्टच्या डिसेंबरात बुलढाण्याला मुलींचे सामने होते आणि शेवटी शिक्षिकांची शर्यत. एक फेरी. वर्षभर रोज तीन मैल पळणारी जिल्ह्यात मी एकटीच असणार. मी आठ दिवस आधीपासून जिंकल्यावर कसं नम्रपणे बोलायचं याची तयारी केली. 'यात माझं काही नाही, सगळं शेषरावांचं' हे वाक्य मी आरशापुढे म्हणून पाहिलं होतं. गोजरबाईंना मुद्दाम बरोबर नेलं, कोणी तरी घरचं पाहायला असावं म्हणून.

सहा जणी होतो. उंद्रीच्या विमलबाई माझ्या शेजारीच. वर्षभरात आणखी भरलेल्या. मी त्यांना हसून सांगितलं, "सावकाश पळा हं, जपून." शिटी झाली. विमलबाई निघाल्या त्या परत मला फक्त पाठमोऱ्या दिसल्या. दुसऱ्या कोपऱ्यावर मोताळ्याची एक तरुण शिक्षिका पुढे गेली. तिसऱ्यावर आणखी एक. मी चौथी आले. मागे दोघी राहिल्या, त्यांतली एक काकणं सावरायला थांबली होती.

विमलबाई गवतात बसून पदरानं वारा घेत होत्या. मी विचारलं, "तुम्ही रोज पळता?"

"मी काऊन पळू?" त्या म्हणाल्या. "हिरीवून पानी आन्तो ना. वीस वर्सं झाले. दोन हंडे डोक्यावर, एक काखेत. आज रिकामी व्हती, तं पाय उडूनच राह्यले."

मी त्यांच्या शेजारी बसले. पूर्वीची मी असते तर हरण्याची दहा कारणं उभ्या उभ्या दिली असती. शिटी उशिरा ऐकू आली, मैदान तिरकं होतं, पंच उंद्रीकडचे होते. मी थोडा वेळ वाट पाहिली. एकही कारण आलं नाही. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. गोजरबाई येऊन बसल्या, त्यांनी पदरातले शेंगदाणे काढले, आम्ही तिघींनी मिळून खाल्ले. मला वाटतं, त्या शेंगदाण्यांइतकं चांगलं मी काही खाल्लेलं नाही. आमच्या शाळेची एक मुलगी लांब उडीत दुसरी आली, तीही तिथं येऊन बसली आणि तिनं शेंगदाणे संपवले.

पुढच्या जूनमध्ये पुष्पाबाईंनी मला कचेरीत बोलावलं. त्या जरा काळजीत दिसल्या.

"बाई, यंदा तुमचा बदलीचा अर्ज नाही आला."

मी आठवून पाहिलं. "राहिला द्यायचा," मी म्हटलं.

"तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "रस्त्याकडेचा वर्ग बदलून हवा असेल तर सांगा. तुमचा आवाज मोठा म्हणून दिला होता. बाकीच्यांचा भोंग्यात ऐकू जात नाही."

सहा वर्षं मी तो छळ समजत होते. ती माझ्याबद्दल कोणी केलेली जवळजवळ एकमेव स्तुती होती. मी वर्ग बदलला नाही.

मागितलं तेव्हा न मिळालेली बदली न मागता आली, एकोणसत्तर साली, आणि आली ती बुलढाण्याला नव्हे, मोताळ्याला. गोजरबाई एस.टी.पर्यंत आल्या. त्यांनी डबा दिला आणि विचारलं, तिकडं पळाले रस्ता हाये का? मी म्हटलं, "पाहतो." 'पाहते' नव्हे, इकडच्या बायका म्हणतात तसं 'पाहतो', आणि ते त्यांनी ऐकलं.

मोताळ्याला मी पुढे पुष्कळ वर्षं राहिले. काळी जमीन, कपाशी, घाटाखालचं ऊन. हिवाळ्या-उन्हाळ्यात मी पळायची, आणि तेव्हा बऱ्यापैकी माणसासारखी वागायची. वर्गात हसायची, कोणी चुकलं तर समजावून सांगायची, खडूवरून कोणाशी भांडायची नाही. पण पावसाळ्यात तिथली माती पायाला अशी धरते की दहा पावलांत एकेक पाय मणाचा होतो. पळणं बंद पडायचं. आठ दिवसांत यादी परत यायची, नव्या नावांसकट. श्रावणात बाईंशी जपून बोलायचं, असं मोताळ्याच्या मुली दरवर्षी नव्या मुलींना सांगून ठेवत. हे मला एका मुलीनं शाळा सोडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी सांगितलं, कडेवर तिचं मूल होतं. मी विचारलं, "आणि भाद्रपदात?"

"भाद्रपदात वाट पाह्यतो आमी बाई," ती म्हणाली. "माती कवा सुकते त्याची."